आधीच येऊन बसलेला पाहुणा

सरांना उशीर झालेला चालायचा, चूक झालेली चालायची, समोरच्याने आवाज चढवलेलाही चालायचा. हललेलं चालायचं नाही. त्यांच्या खोलीचं दार लावायची एक रीत होती. हँडल खाली दाबून धरायचं, दार चौकटीत अलगद बसवायचं आणि मगच हँडल सोडायचं. नव्या माणसाने दार आपटलं तर सर रागवत नसत. त्याला जवळ बोलवायचे, मायक्रोस्कोपखालचा एक थेंब दाखवायचे आणि म्हणायचे, "हा झोपला होता. तू उठवलास. आता तूच झोपव." तो माणूस पुन्हा कधी दार आपटत नसे.

आमची कंपनी औषधं शोधणारी, लहानशी. अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन गाळे होते आणि त्यांतली सर्वांत आतली खोली सरांची. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याचे खोके कापायचा प्रेस होता. प्रेस चालू झाला की टेबलावरच्या चहाला वलयं उठायची. चहाचं ठीक होतं. सरांचे थेंब त्याच इमारतीत होते. त्यावर सरांनी केलेला उपाय मी आधी चेष्टेचा समजलो होतो. त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याला लावतात तसली कडप्प्याची एक जाड लादी आणली, स्कूटरच्या चार ट्यूबांत अर्धी हवा भरून त्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यावर लादी. लादीवर थेंबांच्या थाळ्या. मी पाण्याचा पेला ठेवून पाहिला. प्रेस चालू असताना टेबलावर वलयं होती, लादीवर नव्हती. दर सोमवारी सर सायकलचा पंप घेऊन ट्यूबांतली हवा बघायचे. आमच्याकडे भेटीला आलेल्या बाहेरच्या शास्त्रज्ञांना खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा तो पंप दिसायचा.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. खाली जाऊन प्रेसवाल्याला भेटले. तो कणकवलीचा निघाला. सरांचं गाव तिथून फार लांब नाही. मग ठरलं की सरांनी नव्या थाळ्या लावल्या की त्या दिवशी मोठा प्रेस जेवणानंतरच सुरू व्हायचा. बदल्यात गावाहून आलेले सुके बांगडे वर्षातून एकदा खाली पोचायचे. कंपनीने लेखी विनंती केली असती तर काही झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम काय होतं ते सांगतो. प्रोटीन म्हणजे शरीरातलं एक यंत्र समजा. त्याला एक खोबण असते. औषध त्या खोबणीत जाऊन बसलं की यंत्र थांबतं. औषध नेमकं कसं बसलंय, कुठल्या अंगाने, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रोटीन आणि त्यात बसलेलं औषध यांचे एकत्र क्रिस्टल वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरले त्या आकड्यांवरून आतलं चित्र काढायचं. क्रिस्टल वाढवणं सरांचं, आकडे माझे. क्ष-किरणांसाठी आमचे क्रिस्टल गोठवून परदेशातल्या एका मोठ्या केंद्राकडे जायचे आणि तिथले आकडे इथे माझ्या स्क्रीनवर यायचे.

क्रिस्टल वाढवणं ऐकायला सोपं आहे. काचेच्या चकतीवर प्रोटीनचा एक थेंब, त्यात तेवढंच ठरलेलं द्रावण. चकती उलटी करून एका खड्ड्यावर बसवायची, कडेला ग्रीस. खड्ड्यात तेच द्रावण, पण दुप्पट तीव्र. खोली अठरा अंशांवर. थेंबातलं पाणी हळूहळू उडून खड्ड्यात जातं, थेंब आटतो आणि प्रोटीनला वाटलं तर त्याचा क्रिस्टल होतो. "वाटलं तर" हे शब्द सरांचे. ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात त्यांनी उमेदीची वर्षं हेच काम करण्यात घालवली होती, आमच्याकडे ते नंतर आले, आणि इतकं करूनही ते "वाटलं तर" म्हणायचे.

औषधाच्या रेणूला आम्ही लिगँड म्हणायचो, सर पाहुणा म्हणायचे. प्रोटीन घरमालक. "पाहुणा बसलाय की नाही हे पाहुण्याकडे बघून कळत नाही रे," मला म्हणायचे. "घरातली माणसं कुठे सरकून बसली ते बघ." हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. औषध बसलं की खोबणीच्या भिंती खरंच सरकतात. मला ते आकडेवाले म्हणायचे. "काय आकडेवाले, तुमचं यंत्र आज काय म्हणतंय?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार.

घाईने आनंदी होणाऱ्या माणसांवर त्यांचा विशेष लोभ होता. तन्वी आमच्याकडे नवीन आली तेव्हाची गोष्ट. घाटकोपरची मुलगी, केमिस्ट, नवी संयुगं बनवणं तिचं काम. पण तिला क्रिस्टलही वाढवून बघायचे होते. सरांनी एक थाळी दिली. काही दिवसांनी तिच्या एका थेंबात लखलखीत चौकोनी क्रिस्टल आले आणि तिने अख्ख्या ऑफिसला बोलावलं.

सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. "सुंदर आहे."

"प्रोटीन आहे ना, सर?"

"विचारू या त्यालाच." त्यांनी बारीक सुई घेतली आणि क्रिस्टलला टेकवली. टक् असा आवाज मी मागे उभा होतो तिथपर्यंत आला. प्रोटीनचा क्रिस्टल पेढ्यासारखा मऊ असतो, सुई लागली की मोडतो. टक् वाजतं ते मीठ.

"पोह्यावर घाल," सर म्हणाले.

तन्वीचा चेहरा पडला. मग सरांनी तिला स्वतःची एक जुनी वही काढून दाखवली. उमेदीच्या काळात त्यांनी स्वतः वाढवलेल्या मिठाचे फोटो त्यांनी तीत चिकटवून ठेवले होते. पानंच्या पानं. "ट्रॉम्बेला मला सगळे मीठवाला म्हणायचे गं," असं सांगताना ते खूश दिसत होते.

त्यांचं घर चारकोपला, सेक्टरमधल्या बैठ्या घरांपैकी एक. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर भाऊ-बहिणी विखुरले, हे तिथे आले. मी बोरिवलीचा, त्यामुळे एकदा सहज गेलो होतो. वहिनींनी सोलकढी दिली आणि मी विचारलं नसताना तक्रारही केली.

"ते घराकडे पण तसेच," त्या म्हणाल्या. "दह्याचा भांडा कोण हलवूक नाय. बघूक पण नाय. माझ्या सुनेन एकदा झाकण उघडलान, तर दोन दिस तोंड फुगवून बसले."

"दही लागताना बघायचं नसतं," सर आतून म्हणाले.

"मगे लागला ता कळतला कसा?"

"वास येतो."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सोलकढी संपवली आणि दुसरी मागितली.

ऑफिसची एक सहल जुहूला गेली होती. सहल म्हणजे दुपारी गेलो, भेळ खाल्ली, परत आलो. सरांनी काळाखट्टा गोळा घेतला, उन्हात धरून त्याच्याकडे बघत राहिले आणि गोळेवाल्याला समजावू लागले की हा बर्फ घाईत केलेला आहे म्हणून पांढरा आहे. सावकाश गोठवला तर काचेसारखा होतो, आरपार दिसतं. गोळेवाल्याने दोन गिऱ्हाइकं थांबवून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साब, बर्फ फॅक्टरी से आता है. आप खा लो, पिघल रहा है." सरांच्या शर्टावर तोवर जांभळा ओघळ आला होता. परत येताना ते म्हणाले, "तो म्हणाला ते बरोबर होतं. जे हातात आहे ते आधी वाचवावं."

आता मॅडमबद्दल. कंपनी मॅडमनी उभी केलेली. मुलुंडच्या, स्वतः डॉक्टरेट, बोलायला थेट. मॅडमचा सरांवर राग नव्हता. पण आता काळ असा आला होता की प्रोटीनचा आकार संगणक नुसत्या अंदाजाने काढून देऊ लागला होता, आणि अंदाज बरेचदा चांगले निघत होते. ते प्रोग्रॅम आमच्याकडे मीच चालवायचो. दुसऱ्या बाजूला सरांचा हिशेब असा होता की त्यांच्या क्रिस्टलांसारखे देखणे क्रिस्टल मी अजून कुठे पाहिलेले नाहीत. हिऱ्याच्या कुड्यांसारखे, कडा धारदार. त्यांचा फोटो आमच्या रिसेप्शनच्या भिंतीवर होता आणि पाणी द्यायला येणाऱ्या माणसालाही सरांनी तो समजावला होता. पण पाच वेगवेगळी संयुगं त्या प्रोटीनला देऊन झाली होती आणि पाचही वेळा घर होतं, पाहुणा नव्हता.

गणपती झाल्यावर मॅडमनी सरांना आणि मला बसवलं. "सर, सरळ सांगते. मार्चपर्यंत लिगँड बसलेलं एक तरी स्ट्रक्चर द्या. नाही झालं तर ही खोली कॉम्प्युटरला जाईल. तुम्ही सल्लागार म्हणून राहा, पण खोली राहणार नाही."

"सल्लागार कुठे बसतो?" सरांनी विचारलं.

"घरूनही चालेल."

सर बरं म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "घरी बसून काय करू रे, दही लावू?" हे हसत म्हणाले, पण खोलीत जाऊन त्यांनी सगळे थेंब पहिल्यापासून परत बघायला घेतले. मला त्या दिवशी समजलं की त्यांना दुसरं काहीच नको आहे. त्यांचा पगार वाढला नव्हता, पेपरांवर नाव कधी पुढे कधी मागे, त्याची त्यांनी कधी चर्चा केली नाही. अठरा अंशांची ती खोली हवी होती.

सहावं संयुग तन्वीचं होतं. सरांनी त्याच्याबरोबर क्रिस्टल वाढवले, नेहमीसारखे देखणे आले, आम्ही गोठवून पाठवले. दिवाळीच्या आधी आकडे आले आणि ते उत्तम होते. आजवरच्या सगळ्या चित्रांपेक्षा हे चित्र कितीतरी स्वच्छ. मी प्रोग्रॅमला तन्वीच्या संयुगाचा आकार दिला आणि त्याने तो खोबणीत बसवला. तिथे खरोखरच एक ठळक ढग होता. आमच्या भाषेत ढग म्हणजे अणू जिथे असतात ती जागा.

तन्वी ओरडली नाही, तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसली. मॅडम आल्या, स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चला. खोली वाचली." कोणीतरी पेढे मागवले.

मला एक आकडा टोचत होता आणि मी तो मॅडमना तिथेच सांगितला. हायड्रोजन सोडले तर तन्वीच्या संयुगात सत्तावीस अणू आहेत. ढग फार तर तेरा अणूंना पुरणारा आहे. मॅडम म्हणाल्या, "बाकीचा भाग हलत असेल. हलतं ते दिसत नाही. होतं असं." होतं, हेही खरं. मी माझ्या अहवालात तेरा आणि सत्तावीस दोन्ही लिहिले आणि सरांची वाट बघत बसलो. सर प्रेसवाल्याला सुके बांगडे द्यायला खाली गेले होते.

ते आले, पेढा घेतला, खिशात ठेवला आणि स्क्रीनसमोर वाकले. "फिरव," म्हणाले. मी चित्र फिरवलं. "अजून फिरव. आता तिचं संयुग पुसून टाक, नुसता ढग ठेव."

नुसता ढग राहिला. सर बराच वेळ बघत होते.

"याला तीन हात आहेत," ते म्हणाले. "तन्वी, तुझ्या संयुगाला या टोकाला किती हात आहेत गं?"

"एक," तन्वी म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

"मी एक बिनपाहुण्याचाही क्रिस्टल पाठवला होता. मी पाठवतोच नेहमी. तो उघड रे."

तो कोणीच उघडला नव्हता, उघडायचं कारणच पडलं नव्हतं. मी उघडला. ज्या क्रिस्टलला तन्वीचं संयुग कधी दाखवलंही नव्हतं, त्याच्या खोबणीत तोच ढग होता. तीन हातांचा.

"माझाच आहे हा," सर म्हणाले. "सायट्रेट."

सायट्रेट म्हणजे वाण्याकडे लिंबूफूल मिळतं ना, त्याचं मीठ. सरांच्या द्रावणात ते पहिल्यापासून होतं. त्याच्यामुळेच ते हिऱ्यासारखे क्रिस्टल यायचे. रेणूत हायड्रोजन सोडून अणू मोजले तर बरोबर तेरा. आधीच्या पाच वेळा चित्रं धूसर होती, म्हणून प्रोग्रॅमने त्या जागी पाण्याचे तीन रेणू मानले होते आणि ते कोणाला खटकले नव्हते, सरांनाही नाही. घरात कायम एक जण बसलेलाच होता.

"पाच पाहुणे दारातून परत गेले," सर म्हणाले. "आणि हिचा सहावा. मी आपला दार हळू लावायला शिकवत बसलो."

मॅडमना सांगायला ते स्वतः गेले. मी बरोबर होतो. मॅडमनी ऐकून घेतलं, मग चष्मा काढला. "सर, मी सगळ्यांना कळवून बसले आहे."

"मग परत कळवा."

"तुम्हाला कळतंय ना, हे स्ट्रक्चर नाही म्हणजे काय ते? मी तर तुमच्या बाजूनेच बघत होते."

"ते कळतंय. पण तन्वी पुढची दहा संयुगं या चित्रावर बेतून बनवेल. बिचारी लिंबूफुलाला टोप्या शिवत बसेल."

मॅडम थोडं हसल्या, हसायचं नसताना. "कळवते. पण मार्च तोच राहील."

"तोच राहू दे," सर म्हणाले.

पुढचे काही आठवडे ते सायट्रेटला बाहेर काढायच्या मागे होते. तयार क्रिस्टल सायट्रेट नसलेल्या द्रावणात धुऊन बघितले. क्रिस्टलना भेगा पडल्या. सावकाश धुऊन बघितले, सावकाश भेगा पडल्या. ते मायक्रोस्कोपमधून बघायचे आणि मला बोलवायचे. "बघ, तो उठला की घरच कोसळतंय. खांबच करून ठेवलाय मी त्याला."

राहिला एकच मार्ग, सायट्रेट सोडून नव्याने वाढवायचे. सायट्रेट नसलेल्या थेंबांत एक तर काही यायचं नाही, थेंब स्वच्छ, नाहीतर सगळं फाटलेल्या दुधासारखं व्हायचं. जानेवारी संपत आला. मॅडम काही बोलत नव्हत्या. पण एक माणूस येऊन खोलीची लांबीरुंदी मोजून गेला होता, आणि त्याने जाताना दार आपटलं तेव्हा सरांनी त्याला थेंब दाखवायला बोलावलं नाही.

एका सकाळी मी पोचलो तर सर माझ्या टेबलापाशी उभे. "जरा आत ये. एकट्याने करवत नाही."

लादीवर त्यांची सर्वांत चांगली थाळी होती, रिसेप्शनच्या फोटोतले क्रिस्टल ज्या थाळीतले, ती. त्यांनी त्यातले सर्वांत देखणे काही निवडून एका चकतीवर घेतले होते. हातात काचेची काडी, टोकाला गोल केलेली.

"बी करायचंय," ते म्हणाले. नवीन द्रावणात प्रोटीनला सुरुवातच सुचत नसेल तर जुन्या क्रिस्टलांचा चुरा करून त्यातला कण-कण टाकायचा. त्या कणावर नवा क्रिस्टल धरतो. ही पद्धत सगळीकडे वापरतात, त्यात नवल नव्हतं. मी विचारलं, "मग हे कशाला? मोडके, भेगा पडलेले इतके आहेत."

"आमची आई भाताचं बी राखायची. घरात कितीही ओढ असली तरी पहिल्या प्रतीचंच राखायची. किडकं खायचं, चांगलं पेरायचं." आणि त्यांनी काडी टेकवली.

मला मायक्रोस्कोपमधून बघायला सांगितलं होतं, म्हणून मी बघितलं. कडा आधी गेल्या. मग खडीसाखर फोडल्यासारखे तुकडे, मग रेती, मग काहीच दिसेना, थेंब नुसता किंचित गढूळ. माझ्या बाजूला सर उभे राहून हळूहळू काडी फिरवत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा चष्मा पुसला आणि परत घातला. "झालं. तू जा आता, तुझी कामं असतील."

त्या बियाचे कण नव्या थेंबांत न्यायला ते मांजराची मिशी वापरायचे. हेही इतरत्र करतात, पण सरांइतकं कोणी मनावर घेत नसेल. मिशी निमुळती असते, तिच्यावर कण धरतो आणि थेंबातून ओढली की बारीक रेघेत सुटतो. त्यांच्या सेक्टरमध्ये एक मांजर होती. तिला ते मांदेलीची डोकी घालायचे आणि तिची मिशी आपोआप गळून पायरीवर सापडायची वाट बघायचे. उपटलेली चालायची नाही. त्या वेळी त्यांच्याकडे एकच उरली होती, म्हणून मी आमच्या बोरिवलीच्या इमारतीतल्या मांजरीची शोधायला लागलो. जिन्याखाली मोबाइलचा दिवा लावून बसलेलं मला बायकोने पाहिलं. काय शोधतोय ते सांगितल्यावर तिने काही विचारलं नाही. सात-आठ दिवसांनी तिलाच एक सापडली. मी ती डबीत घालून सरांना दिली. त्यांनी बोटांत धरून वाकवली. "कडक आहे रे. तुमच्याकडे हिला मासे मिळत नाहीत." तरी त्यांनी ती ठेवून घेतली आणि दोन्ही वापरल्या, असं मला नंतर कळलं.

फेब्रुवारीत एका थाळीत काहीतरी आलं. मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, हेही गेलं. बारीक सुयांचे झुबके, एकमेकांत घुसलेले, साळिंदराच्या पिल्लांसारखे.

"केवढे कुरूप," सर म्हणाले.

"घेणार का?"

"घरात जन्मलंय, घ्यायला नको?" एकेका झुबक्यातून त्यांनी एकेक सुई सोडवली. हे काम त्यांनी कोणालाही करू दिलं नाही. तन्वीचं संयुग आधीपासूनच त्या थेंबांत होतं, आणि अर्थात शेजारी एक बिनपाहुण्याचा क्रिस्टलही. सात सुया आणि तो एक, एवढं गोठवून पाठवलं. सातांपैकी सहांनी काहीही दिलं नाही. सातवीने दिलं, आणि बिनपाहुण्याच्या त्या एकानेही.

आकडे दुपारी आले. या वेळी मी संयुग प्रोग्रॅमला दिलंच नाही. आधी नुसती खोबण काढली, बिनपाहुण्याची शेजारच्या स्क्रीनवर ठेवली, आणि सरांना, तन्वीला आणि मॅडमना बोलावलं. शेजारची खोबण रिकामी होती. आमच्या खोबणीत एक लांबट ढग होता आणि खोबणीची एक भिंत बाजूला सरकलेली होती, जागा करून दिल्यासारखी. हे संगणकाच्या अंदाजात नव्हतं. अंदाजात ती भिंत जागच्या जागी होती आणि संयुग उलटं बसलं होतं.

सर म्हणाले, "मोज."

मी मोजले. "एकवीस."

"सत्तावीसपैकी?" मॅडमनी विचारलं.

"एकवीस स्वच्छ आहेत. शेवटची सहा अणूंची कडी दिसत नाही."

"ती असणारच तिथे. संयुगात आहे म्हणजे कुठेतरी असेलच. पूर्ण काढा, दाखवायला बरं."

"मॅडम," सर म्हणाले, "एकदा आपण तेरावर सत्तावीस काढले होते."

तन्वी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आली. "दादा, खरंच नका काढू. ते सहा दिसत नाहीत म्हणजे बाहेर पाण्यात लोंबतायत. कशाला धरलेलंच नाही त्यांनी. मी उगाच इतकी मेहनत करून ती कडी लावली होती." ती स्क्रीनला नाक लावून बसली होती. "ही कापून टाकते मी. आणि इथे, ही भिंत सरकल्यावर हा जो कोपरा मोकळा झालाय ना, इथे काहीतरी घालता येईल. हे आधी दिसतच नव्हतं."

तिने माझ्याच पॅडवर पेन्सिलने संयुगं काढायला सुरुवात केली. मॅडम तिच्या खांद्यावरून बघत होत्या, मग त्याही वाकल्या, मग दोघी वाद घालू लागल्या की कोपऱ्यात काय मावेल. सर मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि ते त्यांना आवडत असावं.

मॅडमना आठवण झाली तेव्हा त्या वळल्या. "सर, खोली राहते."

"बरं."

"मी मनापासून सांगते. मार्च वगैरे विसरा. ती तुमचीच राहते."

सरांनी मान डोलावली. म्हणाले, "मग मायक्रोस्कोपपुढे बसायला एक स्टूल द्याल का? आत्ता आहे त्याचा एक पाय आखूड आहे. पुठ्ठा घालून बसतो. पाठ धरते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्या खोलीत उभाच राहत आलो होतो. "अहो, हे आधी का नाही सांगितलंत? स्टूल काय, एका दिवसात आलं असतं."

"खोली राहते का जाते तेच ठरत नव्हतं," सर म्हणाले. "जायच्या घरात माणूस खिळासुद्धा ठोकत नाही."

"उद्या येईल," मॅडम म्हणाल्या, आणि तिथेच मोबाइलवर बघायला लागल्या. "हे बघा. उंची कमीजास्त होते, पाठीला आधार आहे."

सर जवळ गेले, चष्मा वर करून त्यांनी फोटो नीट पाहिला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण याला चाकं आहेत. चाकांचा नको."